देवमाशाचे दात

१. नाव मासा, पण मासा नव्हे

मंडळी, आज आपण एका मोठ्या प्राण्याची माहिती घेणार आहोत. त्याचे नाव देवमासा. तो समुद्रात राहतो. आपल्या शिंगणापूरपासून मुंबईचा समुद्र रस्त्याने तीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांनी देवमासा पाहिलेला नसेल. म्हणून आधी त्याचा आकार समजून घेऊ.

देवमाशांच्या पुष्कळ जाती आहेत. त्यांत निळा देवमासा सर्वांत मोठा. तो सुमारे ३० मीटर, म्हणजे १०० फूट लांब होतो. एस. टी.च्या जवळजवळ तीन गाड्या एकीमागे एक उभ्या केल्या, तर तेवढी लांबी भरेल. त्याचे वजन १५० टनांपर्यंत जाते. तीस हत्ती एका पारड्यात घालावे, तेव्हा तराजू बरोबर व्हावा! आज पृथ्वीवर जेवढे प्राणी आहेत, त्यांत याच्याहून मोठा कोणी नाही.

याला आपण देवमासा म्हणतो खरे, पण तो मासा नाही बरं का! कसं ते पाहा.

मासा पाण्यातच श्वास घेतो. त्यासाठी त्याला कल्ले असतात. देवमाशाला कल्ले नसतात. आपल्यासारखी फुप्फुसे असतात. श्वास घ्यायला त्याला पाण्याच्या वर यावेच लागते. बहुतेक मासे अंडी घालतात. देवमाशाची मादी पिल्लाला जन्म देते आणि गाई-म्हशीप्रमाणे त्याला दूध पाजते. निळ्या देवमाशाचे पिल्लू दिवसाला दीडशे-दोनशे लिटर दूध पिते. माशाचे रक्त बहुधा पाण्याइतकेच थंड असते. देवमाशाचे रक्त आपल्यासारखे गरम असते. मासा शेपूट डाव्या-उजव्या बाजूला हलवतो. देवमासा शेपूट खाली-वर हलवतो.

म्हणजे देवमासा गाय, घोडा, कुत्रा आणि माणूस यांच्या जातीतला. आईचे दूध पिऊन वाढणाऱ्या या प्राण्यांना सस्तन प्राणी म्हणतात.

आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळही देवमासे येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू वाळूत अडकले. गावकरी आणि सरकारी माणसे धावली. त्याचे अंग सुकू नये म्हणून त्याच्यावर पाणी ओतत राहिली. मग त्याला ओढून खोल समुद्रात नेऊन सोडले. पण ते पिल्लू वाचले नाही. आईपासून तुटलेले आणि दुधावर वाढणारे पिल्लू एकटे कसे जगणार? मासा असता, तर गोष्ट वेगळी होती.

२. दाराऐवजी पडदा

एवढा मोठा प्राणी खातो तरी काय? कोणाला वाटेल, मोठमोठे मासे फाडून खात असेल. पण तसे नाही. निळा देवमासा कोळंबीसारखे दिसणारे बोटभर जीव खातो. ते समुद्रात थव्यांनी राहतात. आणि गंमत अशी, की निळ्या देवमाशाच्या तोंडात एकही दात नसतो.

मग तो खातो कसा? हे समजायला शिंगणापूरच्या माणसाला लांब जायला नको. आपल्या गावाची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. शनिदेवाची शिळा उघड्या चौथऱ्यावर आहे आणि जुन्या रीतीच्या घरांना दारे नाहीत. दाराची चौकट असते, पण फळ्या नसतात. कोणी त्या चौकटीला पडदा लावतो. वारा आत येतो, उजेड आत येतो, पण धूळ बाहेर अडते.

या देवमाशाच्या तोंडातही असाच पडदा असतो. वरच्या जबड्याला दोन्ही बाजूंनी लांब लांब पट्ट्या लोंबत असतात. निळ्या देवमाशाला एकेका बाजूला तीनशेच्या आसपास पट्ट्या असतात. पट्ट्यांची आतली कड झिजून केसांसारखी झालेली असते. सगळे केस एकमेकांत गुंतले, की दाट झालर तयार होते. या पट्ट्या हाडाच्या नसतात. आपली नखे, आपले केस, बैलाची शिंगे ज्या पदार्थाची बनतात, त्याच पदार्थाच्या त्या असतात.

देवमासा तोंड उघडतो. पाणी आणि पाण्यातले लहान जीव एकदम आत घेतो. तोंड मिटून जिभेने पाणी बाहेर ढकलतो. पाणी झालरीतून गाळून बाहेर जाते. खाद्य आत अडकते. ते तो गिळतो. बाई चहा गाळते, तशीच ही रीत. फरक एवढाच, की चहा गाळताना चोथा टाकून देतात. देवमासा पाणी टाकतो आणि चोथा खातो!

अशी झालर असलेल्या देवमाशांना आपण या धड्यात झालरीचे देवमासे म्हणू.

३. एक अवघड प्रश्न

आता एक प्रश्न येतो. या देवमाशांच्या तोंडात पहिल्यापासून झालरच होती का? की कधीकाळी त्यांना दात होते?

याचा पहिला पुरावा आजच्या देवमाशांतच सापडतो. पिल्लू आईच्या पोटात असते, तेव्हा त्याच्या जबड्यात दातांचे कोंब येतात. पण ते कधीच बाहेर येत नाहीत. जन्मापूर्वीच ते जिरून जातात आणि त्यांच्या जागी झालर येऊ लागते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे अभ्यासकांच्या ध्यानात आले होते.

दात कधी वापरायचेच नाहीत, तर कोंब येतात कशाला? एखाद्या जुन्या वाड्यात भिंतीत बुजवलेला दरवाजा दिसतो. त्यावरून आपण म्हणतो, इथे पूर्वी वाट होती. हे कोंबही तसेच आहेत. पूर्वजांना दात होते, अशी शंका त्यांवरून येते.

पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. जमिनीचा वाद असला तर आपण म्हणतो, कागद दाखवा. सातबारा दाखवा. इथेही कागद हवा. देवमाशाचा सातबारा कुठे मिळणार? तो मिळतो दगडात.

४. दगड झालेली हाडे

प्राणी मेला, की त्याचे मांस सडते. हाडेही काही दिवसांत कुजतात, फुटतात. कोल्हे-कुत्रे ती ओढून नेतात. पण कधी कधी वेगळे घडते. प्राणी नदीच्या गाळात किंवा समुद्राच्या तळाशी चटकन पुरला जातो. त्याच्यावर गाळाचे थर बसत जातात. पाण्यात विरघळलेले क्षार हाडाच्या बारीक बारीक छिद्रांत शिरतात आणि तिथे घट्ट होतात. हजारो-लाखो वर्षांनी हाड दगडासारखे होते. पण आकार हाडाचाच राहतो. अशा वस्तूला जीवाश्म म्हणतात. अश्म म्हणजे दगड. जीवाचा झालेला दगड, तो जीवाश्म.

आता तुम्ही विचाराल, आमच्या विहिरीत निघेल का हो देवमाशाचे हाड?

नाही निघणार. का, ते ऐका. विहीर खणताना आधी माती लागते. मग मुरूम लागतो. मग काळा पाषाण लागतो. सुरुंग लावल्याशिवाय तो फुटत नाही. हा काळा पाषाण समुद्राचा गाळ नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमीन फाटून तापलेला रस बाहेर आला. तो लांबवर पसरला आणि थंड होऊन घट्ट झाला. पुन्हा रस आला, पुन्हा थर बसला. असे थरावर थर बसून महाराष्ट्राचा मोठा भाग झाला. तापलेल्या रसात हाड कसे टिकेल? शिवाय तेव्हा जगात देवमासा जन्मालाच आला नव्हता. आणि पुढे आपल्या या भागावर समुद्र कधी चढला नाही.

पण आपल्या तालुक्यात जीवाश्मच नाहीत, असे मात्र समजू नका. सन १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सोबती यांनी नेवासे येथे खोदकाम केले. प्रवरा नदीच्या जुन्या गाळात त्यांना आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली. तशाच गाळात रानबैलासारख्या जनावरांची दगड झालेली हाडेही मिळाली. त्या जातीच्या हत्यारांना पुढे विद्वानांनी नेवाशाचेच नाव दिले. म्हणजे आपल्या तालुक्याचे गाव विद्वानांच्या पुस्तकांत गेले ते नदीकाठच्या दगडांमुळे.

थोडक्यात काय, काळ्या पाषाणात हाड मिळत नाही. गाळात मिळते. नदीच्या गाळात जमिनीवरचे प्राणी मिळतात. समुद्राच्या गाळात समुद्रातले प्राणी मिळतात.

५. मागे चालत जाऊ या

कोटी वर्षे म्हटले, की डोक्यात काही येत नाही. म्हणून एक युक्ती करू. गावाच्या वेशीत उभे राहा आणि मागे चालायला लागा. एक पाऊल म्हणजे एक लाख वर्षे, असे समजा.

माणूस लिहायला शिकला, त्याला सुमारे पाच हजार वर्षे झाली. ते अंतर पहिल्या पावलात दोन बोटांएवढे. आपल्यासारखी माणसे जगात आली, ते सुमारे तीन पावलांवर. निळ्या देवमाशासारखे प्रचंड देवमासे वाढले, ते तीस-चाळीस पावलांच्या अलीकडे. या धड्यात पुढे येणारा दातवाला देवमासा अडीचशे पावलांवर. देवमाशाच्या घराण्याचा चार पायांचा भाऊबंद चारशे ऐंशी पावलांवर. आणि आपल्या विहिरीतला काळा पाषाण सहाशे साठ पावलांवर.

एवढ्या जुन्या काळाची वर्षे मोजतात कशी? उदबत्ती ठरावीक वेगाने जळते. किती जळली आणि किती उरली, हे पाहिले, तर ती कधी लावली ते सांगता येते. काही दगडांतले पदार्थही असेच ठरावीक वेगाने बदलत असतात. किती बदलले आणि किती उरले, हे यंत्राने मोजतात आणि त्यावरून दगडाचे वय काढतात.

६. पाय असलेले पूर्वज

देवमासा श्वास घ्यायला वर येतो, दूध पाजतो, त्याच्या पोहण्याच्या पंखात हाताची आणि बोटांची हाडे असतात. या सगळ्याचा अर्थ एकच. त्याचे पूर्वज जमिनीवर राहत होते. आणि याचे मोठे पुरावे आपल्या भारतातच मिळाले आहेत.

काश्मीरकडे कालाकोट नावाचे ठिकाण आहे. तेथून ए. रंगा राव नावाच्या भारतीय भूशास्त्रज्ञांनी जीवाश्म असलेले दगड गोळा केले होते. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नीने ते दगड जपून ठेवले. पुढे ते दगड अमेरिकेतले संशोधक थेविसन यांच्याकडे गेले. तिथे एक कवटी साफ करताना चुकून तिचा तुकडा उडाला. आतले कानाचे हाड उघडे पडले. पाहतात तो काय! त्या हाडाची एक बाजू जाड होती. असे कान देवमाशाच्या घराण्यातच आढळतात. सन २००७ मध्ये ही गोष्ट जगापुढे आली. तो प्राणी मांजराएवढा होता. त्याला चार पाय होते, खूर होते. त्याचे नाव इंडोहायस. तो सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा.

विचार करा. त्या माउलीने ते दगड अडगळ म्हणून फेकून दिले असते, तर हा पुरावा जगाला मिळाला नसता.

दुसरा पुरावा गुजरातेत कच्छमध्ये मिळाला. तिथे पूर्वी समुद्र होता. लखनौ विद्यापीठाचे अशोक साहनी आणि विजय प्रकाश मिश्र यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या जुन्या देवमाशांची हाडे अभ्यासली. ते देवमासे चार कोटी वर्षांहून जुने होते. त्यांतल्या एकाच्या शास्त्रीय नावात हरुडी या कच्छमधल्या खेड्याचे नाव आहे. त्या देवमाशांचे तोंड लांब होते आणि तोंडात दात होते.

पुढे या घराण्याला दोन मोठ्या शाखा फुटल्या. एका शाखेने दात राखले. डॉल्फिन त्या शाखेतला. दुसऱ्या शाखेत झालरीचे देवमासे झाले. पण दातांची झालर झाली कशी? हा मधला कागद हवा होता.

७. जान जक गावचा देवमासा

हा कागद मिळाला फार लांब, ऑस्ट्रेलिया देशात. तिथे व्हिक्टोरिया नावाचे राज्य आहे. त्या राज्यात समुद्रकाठी जान जक नावाचे गाव आहे. तिथले कडे समुद्राच्या जुन्या गाळाचे बनलेले आहेत. लाटा त्या कड्यांना धडका देतात आणि आतली हाडे उघडी पडतात.

१९९० नंतरच्या दशकात हंडर नावाच्या एका तरुण मुलाला तिथे एका दगडात हाडे दिसली. तो मुलगा लाटांवर फळी घेऊन खेळायला येत असे. ती हाडे मेलबर्न शहराच्या संग्रहालयात गेली. एरिक फिट्झजेराल्ड नावाच्या अभ्यासकाने त्यांचा बारकाईने अभ्यास केला. २००६ मध्ये त्याने सांगितले, की ही आजवर कोणाला माहीत नसलेल्या एका देवमाशाची कवटी आहे. त्याने त्याचे नाव ठेवले जान्जुसीटस हंडरी. जान्जुसीटस म्हणजे जान जक गावचा देवमासा. आणि ज्याला तो सापडला त्या मुलाचे नाव पुढे जोडले.

हा देवमासा सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीचा. लांबी सुमारे साडेतीन मीटर, म्हणजे अकरा-बारा फूट. आजच्या निळ्या देवमाशापुढे अगदीच किरकोळ! कवटीची घडण पाहिली, तर तो झालरीच्या देवमाशांच्या घराण्यातला. पण तोंडात झालर नव्हती. होते ते मोठे, धारदार दात! डोळेही मोठे होते. म्हणजे हा पाणी गाळून खाणारा नव्हता. डोळ्यांनी भक्ष्य हेरायचा आणि दातांनी पकडायचा.

पुढे २०१९ साली त्याच किनाऱ्यावर एका शाळेचे मुख्याध्यापक फिरत होते. त्यांचे नाव रॉस डलर्ड. त्यांना वाळूत काळसर असे काहीतरी दिसले. त्यांनी ते नीट काढले आणि संग्रहालयाला दिले. ती एका लहान देवमाशाच्या कवटीची हाडे निघाली. सोबत दात होते, कानाची हाडेही होती. तो जान्जुसीटसच, पण दुसऱ्या जातीचा. तो अजून पुरता वाढलेला नव्हता. त्याची लांबी दोन मीटरांहून थोडी जास्त. त्याचे डोळे टेनिसच्या चेंडूएवढे होते, असे अभ्यासक सांगतात. २०२५ मध्ये त्या जातीला डलर्ड गुरुजींचे नाव मिळाले.

पाहा मंडळी, एक खेळायला आलेला मुलगा आणि एक शाळामास्तर! दोघांपैकी कोणीही विद्वान म्हणून तिथे गेले नव्हते. पण दोघांनीही दगड फोडला नाही, विकला नाही, घरात शोभेला ठेवला नाही. ज्याला त्यातले कळते, त्याच्या हाती दिला.

८. दात गेले कसे?

जान्जुसीटस हा आजच्या देवमाशांचा आजोबा नव्हे. तो त्यांच्या चुलत घराण्यातला. ते घराणे पुढे नामशेष झाले. आज एकही जान्जुसीटस जिवंत नाही. पण चुलत घराण्याचा जुना फोटो पाहिला, तरी आपल्या पणजोबांचा चेहरामोहरा थोडाफार कळतो. तसाच याचा उपयोग.

मग झालर आली कुठून? अमेरिकेत ऑरेगन राज्याच्या किनाऱ्यावर आणखी एका जुन्या देवमाशाची कवटी मिळाली. डग्लस एम्लाँग याने १९६६ साली तिची माहिती छापली. त्या प्राण्याचे नाव एटिओसीटस. त्याला दात आहेत. पुढे त्याच्या एका भाऊबंदाच्या टाळूत बारीक छिद्रे आणि खाचा दिसल्या. आजच्या देवमाशांत झालरीला रक्त पुरवणाऱ्या नळ्या अशाच छिद्रांतून जातात. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, याच्या तोंडात दातही होते आणि थोडी झालरही होती. दुसरे म्हणतात, नाही. आधी दात कमी झाले, मग देवमासे पाण्याबरोबर भक्ष्य ओढून गिळू लागले आणि झालर नंतर आली. हा वाद अजून मिटलेला नाही. झालर नखासारखी मऊ असते. ती लवकर कुजते आणि दगडात क्वचितच टिकते. म्हणून मधले कागद कमी पडतात.

पण मूळ गोष्टीवर सगळ्यांचे एकमत आहे. झालरीच्या देवमाशांच्या पूर्वजांना दात होते. आईच्या पोटातल्या पिल्लाचे कोंब जे सांगत होते, तेच दगडातल्या कवट्यांनी सांगितले. दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता एकच गोष्ट सांगतात, तेव्हा पंचांचा विश्वास बसतो. इथे तसेच झाले.

असा बदल होतो तरी कसा? शेतकऱ्याला हे समजणे सोपे आहे. आपण बाजरीची टपोरी कणसे बियाण्यासाठी बाजूला काढतो. पुढच्या साली पुन्हा तसेच करतो. वर्षानुवर्षे असे केले, की वाण बदलतो. समुद्रात निवड करणारा शेतकरी नसतो. पण ज्याला खायला जास्त मिळते, तो जगतो, त्याची पिल्ले जगतात. ज्याला मिळत नाही, त्याचा वंश मागे पडतो. समुद्रात लहान जिवांचे थवे विपुल झाले, तेव्हा ते गाळून खाणाऱ्यांचे फावले. हे एका पिढीत झाले नाही. लाखो पिढ्या लागल्या.

९. आपल्याला याचे काय?

कोणी म्हणेल, देवमाशाला दात होते की नव्हते, याच्याशी आमचा काय संबंध? आमची बाजरी त्याने वाढणार आहे का?

नाही वाढणार. पण एक गोष्ट वाढेल. ऐकीव गोष्ट आणि पुराव्याची गोष्ट यांतला फरक ओळखण्याची सवय वाढेल. मोठे हाड सापडले, की लोक म्हणतात, राक्षसाचे हाड आहे. कोणी त्याचे पैसे मागतो, कोणी त्याचे औषध म्हणून चूर्ण विकतो. ज्याला विचारायची सवय आहे, तो म्हणेल, थांबा, आधी हे कशाचे हाड आहे ते जाणत्या माणसाला विचारू. अशा माणसाला सहज कोणी फसवू शकत नाही. मग तो व्यवहार हाडाचा असो, बियाण्याचा असो, की सावकाराच्या कागदाचा असो.

दुसरी गोष्ट. तुम्ही आता अक्षरे वाचायला शिकलात. एक अक्षर एकटे असले, तर त्याचा फारसा अर्थ होत नाही. ते ओळीत असले, म्हणजे अर्थ होतो. जीवाश्माचेही तसेच आहे. ते कुठल्या थरात होते, किती खोल होते, शेजारी काय होते, यावरून त्याचे वय कळते आणि गोष्ट कळते. जागेवरून उपटून आणलेले हाड म्हणजे पोथीतून फाडलेले पान. आणि फोडलेले हाड म्हणजे जाळलेले पान. ते पुन्हा लिहिता येत नाही.

आपल्या तालुक्यात प्रवरा आहे, गोदावरी आहे. त्यांच्या काठाला जुना गाळ आहे. वाळू काढताना, बांध घालताना, पाया खणताना एखादे जड, दगडासारखे हाड किंवा मोठा दात निघाला, तर पुढील गोष्टी करा:

ते फोडू नका. धुऊ-घासू नका.
जमले तर जागेवरच राहू द्या. हलवावे लागले, तर जागेवर खूण करा.
जागा, खोली आणि तारीख कागदावर लिहा. आता तुम्हाला लिहिता येते!
शाळेच्या गुरुजींना किंवा ग्रामपंचायतीला कळवा. जवळचे कॉलेज किंवा संग्रहालय असेल, तर त्यांना खबर द्या.
त्याचे पैसे देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला देऊ नका.

कच्छमधल्या हरुडीचे नाव देवमाशाला मिळाले. जान जकचे नाव देवमाशाला मिळाले. नेवाशाचे नाव दगडी हत्यारांना मिळाले. उद्या जुन्या गाळातून काय निघेल, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण जे निघेल ते फुटेल की टिकेल, हे मात्र ज्याच्या कुदळीखाली ते येईल, त्याच्या हाती आहे.

कठीण शब्दांचे अर्थ

सस्तन प्राणी – पिल्लांना दूध पाजून वाढवणारे प्राणी
जीवाश्म – दगड झालेले प्राण्याचे किंवा झाडाचे अवशेष
भूशास्त्रज्ञ – जमीन आणि खडक यांचा अभ्यास करणारा
नामशेष – ज्याचे फक्त नाव उरले आहे असा
संग्रहालय – जुन्या व मोलाच्या वस्तू जपून ठेवण्याची जागा

प्रश्न

१. देवमासा हा मासा नाही, हे कोणत्या गोष्टींवरून कळते?
२. निळा देवमासा दात नसताना कसा खातो?
३. आपल्या काळ्या पाषाणात देवमाशाचे हाड का मिळत नाही?
४. जान्जुसीटस हे नाव कशावरून पडले? तो आजच्या देवमाशांपेक्षा कसा वेगळा होता?
५. पूर्वीच्या देवमाशांना दात होते, याचे दोन पुरावे सांगा.
६. पाया खणताना दगडासारखे हाड निघाले, तर तुम्ही काय कराल? पाच ओळी लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.